खुर्ची मागे घेणाऱ्या मार्थाबाई

आदरणीय मार्थाबाईंची आणि माझी पहिली भेट एका वीजबिलामुळे झाली. आचऱ्याच्या बाजारात आमचे किराणा दुकान आहे. वडिलांच्या आजारपणात ते बरेच दिवस बंद होते, तरी बिल नेहमीपेक्षा जास्त आले. मी ते बिल, मागची बिले, मीटरचा फोटो आणि अर्जाच्या जादा प्रती घेऊन मालवणला ग्राहकांच्या तक्रारी बघणाऱ्या एका मंडळाच्या कार्यालयात गेले. तिथे पांढऱ्या केसांच्या एक बाई चष्मा कपाळावर चढवून टेबलावर पसरलेल्या वर्तमानपत्रावर फणसाच्या आठळ्या वाळत घालत होत्या. मला वाटले, मी चुकीच्या दारात आले.

"बस गो," त्या म्हणाल्या. माझे सगळे म्हणणे त्यांनी नीट ऐकून घेतले आणि विचारले, "हे तुझ्या एकट्या दुकानाचं झालं की सगळ्या बाजाराचं?"

"मला माहीत नाही."

"मग आधी विचारून ये. आणि जाताना आठळ्या घेऊन जा, भाजून खा."

मी परत जाऊन दुकानादुकानांत विचारले. मीटर न बघता अंदाजाने लिहिलेली बिले जवळजवळ सगळ्यांनाच आली होती. मी पुन्हा गेले तेव्हा बाई म्हणाल्या, "तुझं एक बिल असतं तर मी तुला वीज कार्यालयात पाठवली असती. बाजारभर हेच असेल तर मात्र आमदारांकडे जायचं." मंडळाचे काम काय, हे मला तेव्हा कळले आणि तेव्हापासून मी त्या कामात आहे.

ज्यांना मंडळाची माहिती नाही त्यांच्यासाठी दोन ओळी लिहिते. आमची धर्मादाय संस्था लहान आहे. ग्राहकांच्या तक्रारी, राहत्या घरांचे प्रश्न आणि विधवा व निराधारांचे पेन्शन, असे आमचे तीन विषय. आम्ही मदत वाटत नाही. ज्या नियमामुळे मदत अडते तो नियम बदलावा म्हणून आमदारांना, मंत्र्यांना आणि विधिमंडळाच्या समित्यांना भेटतो, पुन्हा भेटतो आणि कंटाळा येईपर्यंत भेटत राहतो. कंटाळा बहुतेक वेळा त्यांना आधी येतो. बाई शाळेत नागरिकशास्त्र शिकवत. निवृत्त झाल्यावर त्यांनी हे काम हाती घेतले. "पुस्तकात लिहिलेलं खरं आहे का, ते बघायचं राहिलं होतं," असे त्या कारण सांगतात.

माझी सुरुवातीची शाळा घरातच झाली. लहानपणी प्रकृती बरी नसे, म्हणून आत्याने मला पाटीवर शिकवले, आणि आमच्या आत्याचा नियम असा की, पाहिलेले आणि ऐकलेले वेगवेगळे सांगायचे. या लेखातही तो पाळते आहे. खाली लिहिले आहे त्यातले बहुतेक मी स्वतः पाहिले आहे. ऐकीव असेल तिथे तसे म्हटले आहे.

ऐकीव गोष्ट एकच आहे, ती आधी सांगून टाकते. एका निवडणुकीत बांद्याच्या बाजारात एका उमेदवाराच्या माणसांनी बाईंना न विचारता त्यांचा फोटो फलकावर छापला. बाई बसने बांद्याला गेल्या, दुकानदाराकडून स्टूल मागितले, स्वतः चढून फलक उतरवला, व्यवस्थित घडी घातली आणि थेट उमेदवाराच्या कचेरीत नेऊन दिला. वर म्हणाल्या, "कापड चांगलं आहे. कुणाचं छप्पर गळत असेल तर घालायला द्या." फलकावरचा आपला फोटो मात्र त्यांनी आधी कापून घेतला होता, असे सांगणारे सांगतात. हे खरे का, असे मी बाईंना विचारले, तर त्या म्हणाल्या, "फोटो मुळातच चांगला नव्हता."

एका पक्षाच्या आमदारांना जो कागद दिला तोच, एक शब्दही न बदलता, विरोधी पक्षाच्या आमदारांना त्याच दिवशी द्यायचा, ही बाईंची पहिली पद्धत आणि दंडकही. त्यासाठी आम्हाला कधी कधी एका इमारतीतून दुसरीत पळावे लागते. बाईंचे गुडघे दुखतात, पण पळण्यात त्या पुढे असतात.

दुसरी पद्धत म्हणजे तालीम. दशावताराच्या मुलखात तालमीचे कुणाला नवल नाही, पण आमच्या कार्यालयात आमदारांच्या भेटीची तालीम होते. ज्याचे गाऱ्हाणे त्यानेच बोलायचे, आणि आमच्यापैकी कुणीतरी आमदार व्हायचे. आमदाराची भूमिका जयवंतीकाकींसारखी कुणालाच जमत नाही. काकी आचऱ्याच्या बंदरावर मासळी विकतात. साबणाची डबी मोबाईल म्हणून हातात धरून त्या खुर्चीत रेलून बसतात, अंगठा फिरवत राहतात आणि मध्येच मान वर न करता म्हणतात, "बोला बोला, ऐकतंय मी. कोण तुमी? बरां बरां. चाय घेतलात?" समोरचा हसला की तो नापास.

तिसरी पद्धत या लेखाच्या शीर्षकात आहे. प्रत्यक्ष भेटीत बाई आत जातात, नमस्कार करतात, कागद देतात आणि मग आपली खुर्ची उचलून मागे घेतात. आवाज न करता, पण पुरेशी मागे. समोर उरतो तो गाऱ्हाण्याचा धनी. आमदार बाईंकडे बघून बोलू लागले तर बाई त्या माणसाकडे बघतात. मग आमदारांनाही तिकडेच बघावे लागते. मी मंडळात नवीन असताना मला हे फार अवघड वाटे. एवढी वर्षे शिकवलेल्या, कायदा पाठ असलेल्या बाई गप्प का बसतात, असे मनात येई. जयवंतीकाकींच्या छपराच्या प्रकरणात मला त्याचे उत्तर मिळाले.

काकींचे घर समुद्राकाठच्या एका भाटात, म्हणजे नारळीच्या बागेत आहे. घर काकींचे, घरपट्टी काकींच्या नावावर, पण खालची जमीन भाटकारांची, म्हणजे बागेच्या मालकांची. सातबाऱ्यावर त्यांच्या घराण्यातली इतकी नावे की पान भरते. त्यातले काही मुंबईला, काही पुण्याला, काही परदेशात, आणि काहीजण या जगातच नाहीत. या पट्ट्यातली बरीच घरे अशीच आहेत. एका वादळात त्यांची छपरे उडाली. दुरुस्तीची सरकारी मदत जाहीर झाली, पण नियमात जमीनमालकांची लेखी संमती हवी होती. सगळ्या मालकांच्या सह्या मिळणे शक्य नव्हते. पुढचा पावसाळा काकींनी आणि शेजारच्या मंजुळावहिनींनी निळ्या ताडपत्रीखाली काढला. काकींचा मुलगा मुंबईहून सारखा म्हणे, "आये, हे सोड आणि माझ्याकडे ये." काकी जायला तयार नव्हत्या. एकदा घर सोडले की ते पडायला वेळ लागणार नाही, आणि पडलेले घर पुन्हा उभे करायला त्या जागेवर कुणी देणार नाही, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

आमची मागणी साधी होती. घरपट्टीची पावती आणि ग्रामसभेचा ठराव असेल तर संमतीची अट नको. ती घेऊन बाई, काकी आणि मी मुंबईला निघालो. माझ्या आईला मला मुंबईला पाठवायची भीती वाटत होती. हे बाईंना मी सांगितले नव्हते, तरी आदल्या दिवशी त्या आमच्या घरी आल्या, आईबरोबर बसून कोकमे फोडली आणि उठताना एवढेच म्हणाल्या, "वहिनी, माझ्या शेजारच्या खाटेवर झोपेल हो ती. घोरते मी, तेवढं तिने सहन करावं." आईने मला हसत निरोप दिला.

आमची भेट किनारपट्टीतल्याच एका आमदारांशी होती. घरांच्या प्रश्नावरच्या समितीत त्यांचे वजन होते. तालीम चोख झाली होती. काकींनी काय बोलायचे ते त्यांना झोपेतही येत होते. बाईंनी कागद दिला, खुर्ची मागे घेतली. आमदारांनी काकींकडे बघून विचारले, "मावशी, तुम्ही मूळच्या आचऱ्याच्या?"

"नाय रे बाबा. आचरा सासर. माहेर वेंगुर्ला."

"वेंगुर्ला? अहो, माझं आजोळ वेंगुर्ला!"

"खंयच्या वाडयेत?"

त्यांनी वाडी सांगितली. काकी खुर्चीतून पुढे सरकल्या. "त्या वाडयेतलो? तुझी आवस म्हणजे दुकानवाल्याची धाकटी? दोन वेण्यो घालायची ती?"

"माझी आई! तुम्ही ओळखता?"

"ओळखता म्हणजे? काजीच्या कारखान्याच्या मागच्या बावडेर आमी दोघी पाणी भरूक जायचव. ती घागर कमी भरायची आणि गजाली जास्त करायची. बरी आसा मा?"

आमदार साहेबांची शुद्ध मराठी तिथेच संपली. "बरी आसा. गुडघे दुखतत," ते म्हणाले. मग आजीचे घर, तिथली जत्रा, मामाने बुडवलेली होडी, सगळे निघाले. मी घड्याळाकडे बघत होते, बाईंकडे बघत होते, खोकत होते. बाई मागे शांत बसून ऐकत होत्या, जणू गाऱ्हाणे याच गोष्टीचे होते. आम्ही तालमीत आमदाराला तऱ्हेतऱ्हेचा केला होता, पण नातेवाईक केला नव्हता. दोन कोकणी माणसे एकमेकांचे गाव विचारणार, हे खरे तर आम्हाला आधी सुचायला हवे होते.

स्वीय सहायक आत आले. "साहेब, पुढचं शिष्टमंडळ थांबलंय." आम्ही उठलो. दारात पोचल्यावर काकींनी कपाळावर हात मारला. "अगे बाय माझे! घराचा सांगूचा रवला!"

आमदार हसले. "काय झालं घराला?"

"छप्पर नाय. बाकी सगळा आसा."

आणि दार बंद झाले.

बाहेर बाकावर बसून बाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. काकी मात्र ओशाळल्या होत्या. बाई त्यांना म्हणाल्या, "जयवंती, कागद त्यांच्याजवळ आहे. तुझी ओळख कागदावर नव्हती, ती तू दिलीस. चल आता, विरोधी पक्षाकडे जायचंय. तिथे तरी तुझं कुणी निघू नये."

थोड्या दिवसांनी आमदारांच्या कार्यालयातून फोन आला. जयवंतीबाईंचे छप्पर एका मदतनिधीतून करून देऊ, संमतीची गरज नाही, साहेबांनी स्वतः लक्ष घातले आहे.

आनंदाची बातमी होती, पण मला वेगळीच काळजी लागली. मागणी सगळ्या घरांची होती. आमचे बोलणारे माणूसच समाधानी झाले तर बाकीच्यांचे काय? मंडळाने आपल्या माणसाचे काम करून घेतले असे लोक म्हणणार. मी बाईंना म्हटले, "आपण काकींना थांबायला सांगू या का? सगळ्यांचं होईपर्यंत?"

बाईंनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. त्यांना रागावलेले मी फार थोड्या वेळा पाहिले आहे. "तुझ्या घरावर कौलं-नळे आहेत ना गो? माझ्याही आहेत. आणि आपण दोघींनी बसून तिला ताडपत्रीखाली ठेवायचं ठरवायचं?" मग त्या म्हणाल्या, "ठरवू दे तिचं तिलाच."

आम्ही वाडीत गेलो. काकींच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, मंजुळावहिनीही बसल्या होत्या. बाईंनी फोनची हकीकत जशीच्या तशी सांगितली. घेतलेस तर कुणी तुला वाईट म्हणणार नाही, नाही घेतलेस तरी मंडळ तुझ्याबरोबर आहे, असे म्हणाल्या आणि आपले स्टूल मागे सरकवून गप्प बसल्या. मला बोलायचे होते. बाईंच्या चेहऱ्याकडे बघून मी तोंड मिटले.

काकींनी मंजुळावहिनींकडे बघितले. "काय करू गो?"

"काय करू म्हणजे? घे!" मंजुळावहिनी म्हणाल्या. "पावसात माजी चूल तुज्या छपराखाली आणतंय. आणि आता आमदाराची मावशी झालंस, बांगडे तरी फुकट दी आमका."

"बांगडे फुकट? तुज्या घोवान मागचे पैसे दिले काय?"

दोघी हसल्या. मग काकी म्हणाल्या, "घेतंय. पण माजा तोंड बंद होवचा नाय, ह्या त्येंका सांगा."

पावसाआधी छप्पर झाले. मंजुळावहिनींची चूल खरोखरच त्याखाली आली. वाडीत थोडी कुजबुज झाली. बाई मात्र नव्या छपरावर इतक्या खूश की त्यांनी घरून दोदोल, म्हणजे नारळाच्या रसातली गुळाची मिठाई, करून नेला आणि वाडीभर वाटला.

पुढे विधिमंडळाची समिती जिल्ह्याच्या दौऱ्यावर आली. सभागृहात सत्ताधारी होते, विरोधी होते, अधिकारी होते. काकींचे आमदारही होते. आमची पाळी आली तेव्हा बाईंनी नेहमीप्रमाणे कागद दिले आणि खुर्ची इतकी मागे घेतली की ती भिंतीला टेकली. मी ठरवल्याप्रमाणे मंजुळावहिनी बोलणार होत्या. पण त्या उठायच्या आत काकीच उभ्या राहिल्या. हे तालमीत नव्हते.

"साहेबांनू," काकी म्हणाल्या, "माज्या घराक छप्पर झाला. देव तुमचा बरा करूंदे. पण एक इचारतंय. माका छप्पर दिलात, तेव्हा भाटकारांच्या सह्यो मागलात?"

आमदार म्हणाले, "नाही, मावशी."

"मगे कोण भाटकार भांडाक इलो?"

"नाही."

"माड पडलो एकतरी? जमीन हलली?"

सभागृहात हसू फुटले. काकी हसल्या नाहीत. त्यांनी मंजुळावहिनींच्या खांद्यावर हात ठेवला. "मग हिच्याकडे सही कित्याक मागतास? हिचा माहेर वेंगुर्ल्याक नाय म्हणान?"

मग विरोधी बाकावरचे एक सदस्य मोठ्याने हसले. आमदारांचा चेहरा लाल झाला. मला वाटले, आता संपले. पण ते माणूस दिलदार निघाले. त्यांनी कपाळ पुसले आणि शेजारच्या अधिकाऱ्यांना म्हणाले, "आई म्हणाली होती, जयवंतीच्या तोंडाला लागू नकोस. घ्या, लिहून घ्या. मावशींना जे चाललं ते सगळ्यांना का चालू नये, यावर टिप्पणी द्या." विरोधी सदस्यांनी आपलेही नाव त्या सूचनेवर घालायला सांगितले. त्यांच्याकडेही तोच कागद होता.

बाहेर आल्यावर मी बाईंना विचारले, "हे तुम्ही काकींना शिकवलंत?"

"मी? मला वाटलं, तू शिकवलंस!"

काकी पुढे चालत होत्या. मागे वळून म्हणाल्या, "दोघींनी काय समाजलात? आमदार काय फक्त साबणाची डबी घेऊनच करूक येता माका?"

काही काळाने सुधारित आदेश निघाला. घरपट्टीची पावती आणि ग्रामसभेचा ठराव असला की दुरुस्तीची मदत मिळते, मालकांची संमती लागत नाही. हे काकींच्या त्या प्रश्नामुळेच झाले असे मी म्हणणार नाही. इतर ठिकाणच्या लोकांनीही मागणी केली होती, आणि फायली कशा हलतात ते मी पाहिलेले नाही. मी पाहिले ते असे की मंजुळावहिनींच्या घरावर नळे चढले तेव्हा काकी खाली उभ्या राहून कारागिरांना ओरडत होत्या, "सरळ लावा रे! सरकारी आसा म्हणान वाकडा नको!" बाई माडाला टेकून उभ्या होत्या आणि मंजुळावहिनी रडत होत्या. बाईंनी जवळ जाऊन त्यांना समजावले नाही. पदराखाली आणलेला खाऊ त्यांच्या मुलांच्या हातात दिला आणि मुलांना घेऊन किनाऱ्यावर फिरायला गेल्या, म्हणजे आईला मनासारखे रडता येईल.

मार्थाबाईंची पंचाहत्तरी साजरी करायचे ठरले तेव्हा त्यांनी आधी नकार दिला. नंतर अटींवर होकार दिला. शाल नको, मानपत्र लांब नको, आणि सर्व पक्षांच्या आमदारांना आवर्जून बोलवायचे. "सत्कारात पाहुण्याला मधेच उठून जाता येत नाही," असे त्यांनी अटीचे कारण दिले. त्या दिवशीच्या भाषणांनंतर कुठला कागद वाटायचा तेही त्यांनी ठरवून ठेवले आहे. छपरे झाली. घरांखालची जमीन अजून भाटकारांच्याच नावावर आहे. घराच्या पायापुरती जागा तरी राहणाऱ्याच्या नावावर व्हावी, ही पुढची मागणी आहे. ती छपरापेक्षा अवघड आहे आणि तिला वेळ लागणार आहे, हे बाईंना आमच्यापेक्षा जास्त माहीत आहे.

म्हणून मार्थाबाईंना निरोगी दीर्घायुष्य चिंतताना मी पूर्णपणे निःस्वार्थी आहे असे प्रामाणिकपणे म्हणू शकत नाही. त्यांचे गुडघे बरे राहोत, कारण अजून पुष्कळ जिने चढायचे आहेत. त्यांची झोप शांत असो, घोरण्यासकट. ज्या दिवशी त्या वाडीतल्या बायकांच्या हातात स्वतःच्या नावाचा सातबारा येईल, त्या दिवशी त्या स्वतःच्या पायांनी चालत तिथे आलेल्या असोत.

हा लेख लिहिण्यापूर्वी मी जयवंतीकाकींना विचारले, तुमच्याकडून बाईंना काय शुभेच्छा लिहू? त्या मासळी कापत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "लिही, जमीन आमच्या नावार होयसर बाईक आमी खंयच जावक देवचव नाय."